आइसलँडची सागरप्रदक्षिणा

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटाच्या पठारावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर कोकणचा किनारा तेथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर पडतो. तथापि याच जिल्ह्यातील तेर हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी दूरदूरच्या दर्यावर्दी लोकांना ठाऊक होते. त्या काळी त्याचे नाव तगर असे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती देणारा 'पेरिप्लस' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. तेथील जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरी नेत आणि तेथून ती जहाजांतून पश्चिमेकडील देशांत जाई. तेव्हा ज्यांच्या गावावरून कधी खारा वारा वाहिला नाही, त्यांनी समुद्राचा विचारच करू नये असे मुळीच नाही. आज आपण अशाच एका लांबच्या जलमार्गाने जाणार आहोत. समोर पृथ्वीचा नकाशा ठेवा आणि युरोपच्या वायव्येस, ग्रीनलँडच्या अलीकडे, जवळजवळ उत्तर ध्रुववृत्ताला टेकलेले एक बेट शोधून काढा. त्याचे नाव आइसलँड.

या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांश आहे. पण तेथील लोकसंख्या चार लाखांनाही पोचत नाही. सन २०११ च्या जनगणनेत एकट्या धाराशिव जिल्ह्यात (तेव्हा त्याचे नाव उस्मानाबाद होते) साडेसोळा लाखांहून अधिक माणसे मोजली गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे तो देश किती विरळ वस्तीचा आहे याची कल्पना येईल. माणसे राहतात ती प्रायः किनाऱ्याच्या कडेने. बेटाचा मध्यभाग म्हणजे बर्फ, राख आणि थिजलेला लाव्हा. त्यामुळे हा देश पाहावयाचा तर बोटीत बसून त्याच्या भोवती फिरणे, हा एक उत्तम उपाय होय. उन्हाळ्यात अशा निसर्गदर्शनाच्या बोटी राजधानीतून निघतात आणि आठ-दहा दिवसांत बेटाची प्रदक्षिणा पुरी करतात.

आता कोणी विचारील, की बर्फाच्या त्या देशाशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपल्या पायांखालीच आहे. नळदुर्गच्या किल्ल्याची तटबंदी, बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला तेथील प्रसिद्ध पाणीमहाल, धाराशिवची कोरीव लेणी, आपल्या विहिरींचे काठ, ही सर्व ज्या काळ्या पाषाणाची आहेत, तोच पाषाण आइसलँडचाही आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस थरांवर थर वाहत गेला आणि थंड होऊन त्याचे पठार बनले. आपल्या डोंगरांच्या उतारांवर ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच कडा होत. भूशास्त्रज्ञ या खडकाला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. त्यातील 'ट्रॅप' हा शब्द जिना या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दापासून आला आहे. आपल्याकडील हा अग्नी केव्हाच विझला. आइसलँडमध्ये तो अद्यापि धगधगत आहे. तेथील जुन्यात जुना खडक सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांचा, आणि नव्यात नवा कालपरवाचा! आपली भूमी कशी घडली, हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्याने या बेटाकडे पाहावे. मात्र दोन्हींकडे पाषाण एक असला, तरी माती एक नाही. आपल्याकडील ऊन-पावसाने बेसाल्ट कुजून त्याची काळी, कसदार जमीन झाली आणि तीत ज्वारी व कापूस पिकू लागला. तेथील थंडीत खडक फारसा कुजत नाही, आणि जी पातळ माती आहे, ती वारा उडवून नेतो.

आपली बोट रेक्याविक बंदरातून निघते. रेक्याविक म्हणजे धुराची खाडी. परंपरेनुसार सन ८७४ मध्ये इंगोल्फुर आर्नार्सन नावाचा नॉर्वेजियन मनुष्य येथे वस्तीस आला. त्याला जमिनीतून धुरासारखे काही वर येताना दिसले आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. वस्तुतः तो धूर नव्हता, ऊन पाण्याच्या झऱ्यांची वाफ होती. आज तेच पाणी नळांतून घरोघर खेळविले आहे आणि देशातील दहापैकी नऊ घरे त्याच्या उष्णतेने उबदार राहतात. कोळसा जाळावा लागत नाही. आपल्या कोकणात उन्हवरे, तुरळ येथेही उष्णोदकाची कुंडे आहेत, पण आइसलँडमध्ये काही झरे कारंज्यासारखे उंच उसळतात. त्यांतील एका जुन्या, नामांकित झऱ्याचे नाव 'गेइसिर'. या एका झऱ्याच्या नावावरून इंग्रजांनी अशा सर्वच कारंज्यांना नाव दिले, पुढे पाणी तापविण्याच्या यंत्रालाही तेच लावले, आणि अखेर तो शब्द 'गीझर' होऊन आपल्या न्हाणीघरात येऊन बसला. मराठी बोलताना आपण रोज एक आइसलँडी शब्द उच्चारतो, हे किती जणांना ठाऊक असेल?

भाषेचा विषय निघालाच आहे, तर थोडे थांबू. तेराव्या शतकात, म्हणजे आपल्याकडे लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी यांची रचना झाली त्याच शतकात, आइसलँडमध्ये पूर्वजांच्या पराक्रमाच्या व भाऊबंदकीच्या गद्य कथा चामड्याच्या पानांवर लिहिल्या गेल्या. त्यांना 'सागा' म्हणतात. ज्ञानेश्वरीतील ओवीचा अर्थ लावताना आपल्याला शब्दकोश जवळ घ्यावा लागतो. आइसलँडमधील शाळकरी मुलाला मात्र सागा वाचताना त्या मानाने फारच थोडे कष्ट पडतात. कारण तेथील लेखी भाषा सात-आठशे वर्षांत फारशी पालटली नाही. नवी वस्तू आली, की तिच्यासाठी जुन्या शब्दभांडारातूनच नाव काढावयाचे, हा तेथील शिरस्ता आहे. टेलिफोनला त्यांनी 'सीमी' म्हटले. या जुन्या शब्दाचा अर्थ धागा. संगणकासाठी त्यांनी आकडा आणि भविष्यवादिनी या दोन शब्दांचा सांधा जुळवून 'तोल्वा' हा शब्द घडविला. आपणही दूरध्वनी आणि संगणक हे शब्द घडविले. पण बोलताना ते आपल्या ओठांवर क्वचितच येतात. त्यांचे शब्द ओठांवर आले. इतक्या थोड्या लोकांनी इतकी जुनी भाषा अशी नांदती ठेवावी, हे मला तेथील ज्वालामुखींहूनही अधिक नवलाचे वाटते.

त्यांची नावेही पाहण्यासारखी आहेत. बहुतेकांना आडनाव नसते. बापाच्या नावापुढे मुलगा असल्यास 'सोन' व मुलगी असल्यास 'दोत्तिर' लावावयाचे, की नाव पुरे झाले. सन १९८० मध्ये विग्दिस फिन्बोगादोत्तिर या तेथील राष्ट्राध्यक्षा झाल्या. लोकांनी मतदान करून राष्ट्राध्यक्षपदी निवडून दिलेल्या त्या जगातील पहिल्या महिला होत. त्यांच्या नावाचा अर्थ एवढाच, की फिन्बोगी यांची कन्या विग्दिस.

बोट उत्तरेकडे वळली, की प्रथम बर्फाची टोपी घातलेला स्नेफेल्सयोकुल नावाचा ज्वालामुखी दिसतो आणि मग ब्रेदाफ्योर्दुर ही असंख्य बेटांनी भरलेली विस्तीर्ण खाडी लागते. या बेटांवर आयडर नावाचे समुद्री बदक घरटी करते. मादी स्वतःच्या छातीची मऊ पिसे उपटून त्यांचे अस्तर अंड्यांखाली घालते. ही पिसे इतकी हलकी आणि ऊबदार असतात, की त्यांच्या रजया फार मोठ्या किमतीस विकल्या जातात. परंतु त्यासाठी कोणी बदके मारीत नाही. विणीच्या दिवसांत तेथील शेतकरी घरट्यांची राखण करतात, कोल्ह्या-कावळ्यांना दूर ठेवतात आणि पिसे हलक्या हाताने गोळा करतात. साठएक घरटी फिरावी, तेव्हा कोठे एक किलो पिसे जमतात. रानपाखराशी माणसाने केलेला हा करार कित्येक पिढ्यांपासून चालत आला आहे.

याच्या पलीकडे लात्राब्यार्गचा कडा आहे. सुमारे १४ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ४४० मीटर उंच असा हा कडा सरळ समुद्रात उतरतो. त्याच्या प्रत्येक कंगोऱ्यावर पक्षी दाटीवाटीने बसलेले असतात; त्यांचा कलकलाट बोटीपर्यंत ऐकू येतो. पूर्वी येथील शेतकरी कमरेला दोर बांधून या कड्यावरून खाली उतरत आणि अंडी गोळा करीत. उपासमारीच्या दिवसांत हाच त्यांचा आधार होता. या दोरांनी पुढे एक मोठेच काम केले. सन १९४७ च्या डिसेंबर महिन्यात 'धून' नावाचे एक इंग्रज मासेमारी जहाज वादळात सापडून कड्याच्या पायथ्याशी खडकांवर आदळले. त्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस म्हणजे चार घटकांचा उजेड. आसपासच्या शेतांवरील माणसे दोर घेऊन धावली. ती बर्फाळ कड्यावरून खाली उतरली, किनाऱ्यावरून जहाजापर्यंत दोर फेकून त्यांनी खलाशांना एकेक करून ओढून घेतले, आणि मग त्या थिजलेल्या माणसांना तोच कडा वर चढवून नेले. पंधरांपैकी बारा जणांचे प्राण वाचले. अंडी काढणाऱ्या हातांना कड्याचा प्रत्येक कंगोरा ठाऊक होता, म्हणून हे घडू शकले. बाहेरून आलेल्या कुशल गिर्यारोहकालाही त्या काळोखात वाट सापडली नसती.

पश्चिमेच्या खाड्या ओलांडून बोट उत्तर किनाऱ्याला लागते. येथे सिग्लुफ्योर्दुर नावाचे लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गाव हेरिंग माशांची राजधानी होते. उन्हाळ्यात बंदरात इतक्या होड्या दाटत, की एकीवरून दुसरीवर पाय टाकीत पलीकडे जाता येई, असे म्हणतात. हजारो मुली धक्क्यावर उभ्या राहून मासे खारवीत. जाळी मोठी झाली, यंत्रे आली, मासळीचा शोध लावणारी उपकरणे आली. आणि सन १९६८-६९ च्या सुमारास मासळीच संपली. आज तेथे हेरिंगचे संग्रहालय आहे. त्या वेळच्या होड्या, पिंपे आणि मुलींच्या खोल्या तेथे जशाच्या तशा जपल्या आहेत.

हा धडा आइसलँडने गिरविला. उरलेले मासे राखावयाचे तर परक्या जहाजांना दूर ठेवले पाहिजे, म्हणून त्याने आपल्या हद्दीची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढविली आणि सन १९७५ मध्ये ती २०० सागरी मैलांवर नेली. इंग्लंडने विरोधासाठी लढाऊ जहाजे पाठविली. आइसलँडजवळ सैन्य नव्हते, आजही नाही. होत्या त्या थोड्या पहारेदार बोटी. त्यांनी परक्या जहाजांची जाळी कापून टाकण्याची युक्ती काढली. सन १९७६ मध्ये इंग्लंडला नमते घ्यावे लागले.

उत्तर किनाऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटरांवर ग्रिम्सेय हे चिमुकले बेट आहे. उत्तर ध्रुववृत्त याच बेटावरून जाते. जूनच्या अखेरीस येथे सूर्य मावळत नाही; मध्यरात्री तो क्षितिजापाशी येतो, क्षणभर रेंगाळतो आणि पुनः वर चढू लागतो. कोंबडे आरवण्याची वेळ कोणती, हा प्रश्न तेथे विचारण्यात अर्थ नाही. ध्रुववृत्ताची रेषा दाखविण्यासाठी बेटावर दगडी काँक्रीटचा एक प्रचंड गोळा ठेवला आहे. पृथ्वीच्या अक्षाचा कल किंचित बदलत असल्यामुळे ही रेषा दर वर्षी काही मीटर उत्तरेकडे सरकते आणि म्हणून गोळाही सरकवावा लागतो. चालू शतकाच्या मध्यापर्यंत ही रेषा बेट सोडून समुद्रात जाईल.

ग्रिम्सेयवर उतरणाऱ्यांचे स्वागत कुररी नावाचे पक्षी करतात, आणि ते चोचीने करतात! घरट्याजवळ माणूस आला, की हे पांढरे, लाल चोचीचे पाखरू थेट डोक्यावर झेप घेते. म्हणून वाटसरू काठी डोक्यावर उंच धरून चालतात. तिच्या ओरडण्यावरून तेथील लोकांनी तिला 'क्रीआ' असे नाव दिले. आपण टिटवीला दिले, तसेच. हाताच्या ओंजळीत मावणारी ही कुररी उत्तरेचा उन्हाळा संपला, की थेट दक्षिण ध्रुवाकडे निघते आणि तेथील उन्हाळा भोगून परत येते. तिचा वर्षाचा प्रवास सुमारे ७०,००० किलोमीटरांचा होतो, असे तिच्या पायाला इवलीशी यंत्रे बांधून केलेल्या पाहणीत आढळून आले. आपली आठ-दहा दिवसांची प्रदक्षिणा तिला सांगण्याजोगी नव्हे.

तेथून दक्षिणेस हुसाविक हे देवमाशांचे गाव आहे. सन १९९५ पासून येथून प्रवाशांना देवमासे दाखविण्यासाठी होड्या निघतात. पाण्यावर दूर वाफेचा फवारा दिसला, की होडी मंदावते. मग एक काळी, ओली पाठ हळूहळू वर येते, वळते, आणि शेवटी रुंद शेपूट उभी राहून नाहीशी होते. त्या वेळी होडीतील बोलणे आपोआप थांबते. कधी कधी निळा देवमासाही या खाडीत येतो. पृथ्वीवर आजवर झालेल्या सर्व प्राण्यांत हा सर्वांत मोठा. एके काळी याच समुद्रात देवमाशांची बेसुमार शिकार झाली. सन १९८६ पासून व्यापारी शिकार थांबवावी असे राष्ट्रांनी ठरविले. पण आइसलँडने सन २००६ मध्ये ती पुनः सुरू केली आणि तेव्हापासून त्या देशातच यावर तंटा चालू आहे. देवमासा मारावा की दाखवावा, असा हा तंटा आहे. दाखविणाऱ्यांची कमाई अधिक आहे. तथापि बोटींची दाटी वाढली, तर पाहणाऱ्यांचाही उपद्रव होऊ शकतो, हेही खोटे नाही.

हुसाविकच्या या खाडीचे नाव आहे 'स्क्याल्फान्दी'. त्याचा अर्थ 'थरथरणारी'. येथे भूकंप वारंवार होतात, म्हणून हे नाव. येथे आपल्याला आपल्या घराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व धाराशिव जिल्ह्यांची सीमा हादरली. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत मातीला मिळाली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. भूकंपाचे मान ६.२ होते. आता आइसलँडची गोष्ट पाहा. सन २००० च्या जूनमध्ये त्या देशाच्या दक्षिण भागाला चार दिवसांच्या अंतराने ६.५ च्या आसपासचे दोन धक्के बसले. घरांना तडे गेले, काही घरे निकामी झाली. पण माणूस एकही दगावला नाही. सन २००८ मध्ये पुनः ६.३ चा धक्का बसला, तेव्हाही काही जण जखमी झाले, एवढेच.

असे का व्हावे? वस्ती विरळ, हे एक कारण आहेच. आणि आइसलँड पृथ्वीच्या दोन महाकाय पट्टांच्या सांध्यावर वसलेला आहे. हे पट्ट दर वर्षी सुमारे दोन सेंटिमीटर एकमेकांपासून दूर जातात, म्हणून तेथील माणूस धरणीकंप गृहीत धरूनच पाया खणतो. दख्खनचे पठार अचल आहे, असा आपला समज होता. परंतु मुख्य कारण घरांच्या बांधणीत होते. आपल्याकडील घरांच्या भिंती दगडगोट्यांच्या आणि चिखलात रचलेल्या. वर उन्हाच्या तापापासून बचाव व्हावा म्हणून मातीचा दोन-दोन हात जाड थर दिलेला. जी माळवदे उन्हाळ्यात सुख देत, तीच त्या पहाटे अंगावर आली. आइसलँडमधील घरे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटची किंवा लाकडाची, आणि छप्परे हलकी. पाषाण तोच, धक्का जवळजवळ तेवढाच, पण भिंत वेगळी. भूकंपानंतर आपल्याकडे अनेक गावे नव्या जागी, नव्या पद्धतीने वसविण्यात आली. ती पाहिलेल्या विद्यार्थ्यांना हा फरक अधिक सांगावा लागणार नाही.

पूर्व किनाऱ्याच्या अरुंद खाड्यांत शिरताना दोन्ही बाजूंचे डोंगर पाहावेत. थरांवर थर, पायऱ्यांवर पायऱ्या: सह्याद्रीच्या घाटातून जात आहोत आणि खाली कोणी समुद्र आणून सोडला आहे, असा भास होतो. सारखेपणा येथेच संपत नाही. लाव्हा थिजताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट नावाचे सुंदर स्फटिक वाढतात. त्यांच्यासाठी जगात ज्या थोड्या जागा विख्यात आहेत, त्यांत या किनाऱ्यावरील तेगारहोर्न आणि आपल्या महाराष्ट्रातील पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणी येतात. याच किनाऱ्यावरील एका खाणीत 'आइसलँड स्पार' नावाचा पारदर्शक खडा सापडत असे. तो पुस्तकाच्या ओळीवर ठेवला, तर एका ओळीच्या दोन ओळी दिसतात. सन १६६९ मध्ये डेन्मार्कमधील बार्थोलिन या विद्वानाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि प्रकाशाच्या अभ्यासाला त्यामुळे नवी दिशा मिळाली.

आग्नेयेस आल्यावर क्षितिजावर एक पांढरी भिंत उभी राहते. हा व्हातनायोकुल हिमनग-प्रदेश. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर आहे. धाराशिव जिल्ह्याचे ७,५६९ आहे. म्हणजे परंड्यापासून उमरग्यापर्यंतचा आपला सबंध जिल्हा शेकडो मीटर जाडीच्या बर्फाखाली गाडला गेला आहे, अशी कल्पना करा! हा बर्फ वितळत आहे. पश्चिम भागातील 'ओक' नावाची एक लहान हिमनदी इतकी झिजली, की सन २०१४ मध्ये तिला हिमनदी म्हणणे शास्त्रज्ञांनी सोडून दिले, आणि सन २०१९ मध्ये तिच्या जागी एक स्मृतिफलक लावण्यात आला.

याच हिमप्रदेशाच्या नैर्ऋत्येस लाकीची भेग आहे. ८ जून १७८३ रोजी ती फुटली आणि आठ महिने तिच्यातून लाव्हा व विषारी वायू बाहेर पडत होते. गवतावर विष बसले; ते खाऊन सुमारे चार-पंचमांश मेंढ्या मेल्या. मागोमाग दुष्काळ आला आणि देशातील जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे मृत्युमुखी पडली. योन स्टेनग्रिम्सन या धर्मोपदेशकाने त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे. गुरांची हाडे कशी वाकडी झाली, लोकांनी चामडी उकडून कशी खाल्ली, हे त्याने कोठेही आवाज न चढविता सांगितले आहे. या धुराने सूर्यकिरण अडून आफ्रिका व आशिया खंडांतील मोसमी पाऊसही मंदावला असावा, असे काही शास्त्रज्ञ मानतात. १९७२ च्या दुष्काळाच्या कथा ज्यांनी आजीआजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील, त्यांना स्टेनग्रिम्सनचे लेखन परके वाटणार नाही.

दक्षिण किनाऱ्यालगत वेस्टमन बेटे आहेत. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी सकाळी मासेमारी होडीवरील एका आचाऱ्याला समुद्रातून धूर वर येताना दिसला. कोणाच्या तरी जहाजाला आग लागली, असे वाटून होडी तिकडे वळली. पाहतात तो समुद्रच उकळत होता. त्यातून सुर्तसेय हे नवे बेट वर आले. जून १९६७ पर्यंत ते वाढत राहिले. निसर्ग उघड्या खडकावर जीवन कसे पेरतो, हे कळावे म्हणून तेथे शास्त्रज्ञांखेरीज कोणासही पाऊल ठेवू देत नाहीत. प्रथम लाटांबरोबर बिया आल्या, मग शेवाळे, मग पक्षी, आणि पक्ष्यांच्या विष्ठेने गवत माजले. बोटीतून ते दुरून पाहावे लागते. लाटांनी झिजून ते आता निम्मे उरले आहे.

शेजारच्या हेमाएय बेटावर लोक राहतात. २३ जानेवारी १९७३ रोजी रात्री दोनच्या सुमारास गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली आणि अग्नीचा पडदा उभा राहिला. आदल्या दिवशी वादळ असल्यामुळे मासेमारीच्या सर्व होड्या बंदरातच होत्या. सकाळपर्यंत सुमारे पाच हजार माणसे त्यांतून सुखरूप पार झाली. लाव्हा पुढे सरकत बंदराचे तोंड बुजवू लागला. बंदर गेले, तर परत येऊन पोट कशावर भरावयाचे? तेव्हा लोकांनी मोठमोठे पंप आणून समुद्राचे पाणी त्या लाव्ह्यावर महिनोन् महिने सोडले. काठावरचा लाव्हा थिजला आणि त्यामागच्या लोंढ्याला बांध झाला. सुमारे चारशे घरे गेली, पण बंदर वाचले. इतकेच नव्हे, तर वाऱ्यापासून पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित झाले.

या बेटावरील मुलांचा एक उद्योग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पफिन नावाचा, रंगीत चोचीचा, ठेंगणा पक्षी येथे बिळांत अंडी घालतो. ऑगस्टच्या अखेरीस त्याची पिले रात्री बिळातून निघून समुद्राकडे उडतात. पण गावातील दिव्यांना चंद्र समजून ती रस्त्यांवर येऊन पडतात. मग मुले पुठ्ठ्याची खोकी घेऊन अर्ध्या रात्रीपर्यंत गल्लीबोळांतून हिंडतात, पिले गोळा करतात आणि सकाळी कड्यावर जाऊन एकेक पिलू समुद्राच्या दिशेने हवेत उडवितात. अलीकडे समुद्रातील लहान मासळी कमी झाल्याने काही वर्षी पिलेच थोडी निघतात, आणि मुलांची खोकी रिकामी राहतात.

प्रदक्षिणेच्या अखेरच्या टप्प्यात बोट रेक्यानेस भूशिराला वळसा घालते. येथील ग्रिंडाविक गाव सन २०२३ च्या नोव्हेंबरात जमीन फाटू लागल्यामुळे एका रात्रीत रिकामे करावे लागले. पुढे लाव्ह्याचे लोट गावाच्या वेशीपर्यंत आले आणि काही घरे त्यात जळाली. भूशिराच्या नैर्ऋत्येस समुद्रात एल्डे नावाचा एक एकाकी खडक उभा आहे. दुरून तो बर्फाने माखल्यासारखा पांढरा दिसतो. मोठा ऑक नावाचा, उडता न येणारा, पेंग्विनसारखा दिसणारा पक्षी एके काळी उत्तर अटलांटिकच्या बेटांवर लाखोंनी होता. मांसासाठी, तेलासाठी आणि पिसांसाठी माणसांनी तो मारला. तो दुर्मीळ झाला, तेव्हा संग्रहालयांसाठी त्याची किंमत वाढली, आणि म्हणून उरलेलाही मारला. सन १८४४ च्या जूनमध्ये तिघे जण होडीने या खडकावर उतरले. तेथे एकच जोडपे होते. दोन्ही पक्षी त्यांनी मान पिरगाळून मारले. त्यांचे एकुलते एक अंडे पायाखाली फुटले. त्यानंतर त्या जातीचे घरटे कोणी पाहिलेले नाही.

आता एल्डेवर गॅनेट पक्ष्यांची हजारो घरटी आहेत. दुरून दिसणारा पांढरा रंग त्यांचाच. खडकावर उतरण्यास मनाई आहे. बोटी जवळून न जाता लांबून वळतात आणि संध्याकाळपर्यंत रेक्याविकच्या धक्क्याला लागतात.